चौथे कुलूप का बोलेना?

मोटारगाडीतून उतरल्यावर चालक हातातल्या रिमोटचे बटण दाबतो आणि गाडीची सगळी दारे एकदम ‘खट्’ करून बंद होतात, हे तुम्ही पाहिले असेलच. आवाज एकच वाटतो, पण नीट कान दिला तर तो चार आवाज मिळून झालेला असतो. प्रत्येक दाराचे कुलूप स्वतःचा ‘खट्’ करते आणि ते चारही जवळजवळ एकाच क्षणी होतात. एक आवाज कमी झाला तर आपल्या लक्षात येत नाही. माझ्याही आले नाही, आणि त्यामुळे एका पावसाळ्यात माझी चांगलीच फजिती व्हायची वेळ आली होती.

मी राहतो चंद्रपूरला. नोकरी गडचिरोलीच्या बाजूला असल्याने आठवड्याची ये-जा ठरलेली. लोहारा, चिचपल्लीचे जंगल, मूल, सावली, व्याहाड आणि मग वैनगंगेचा पूल असा तो रस्ता. जुलै महिना होता. मागच्या आसनावर उत्तरपत्रिकांचा मोठा गठ्ठा होता. मूलला चहासाठी थांबलो, रिमोट दाबला, ‘खट्’ ऐकले आणि निर्धास्तपणे हॉटेलात जाऊन बसलो. अर्ध्या तासाने परत येऊन सहज मागच्या डाव्या दाराच्या मुठीला हात लावला, तर दार उघडले! म्हणजे अर्धा तास गाडी उघडीच होती. गठ्ठा जागच्या जागी होता, हे माझे व त्या विद्यार्थ्यांचे नशीब. एक जरी उत्तरपत्रिका गहाळ झाली असती तर मी काय तोंड दाखवणार होतो?

गाडीच्या कुलपाचा हा दोष शोधताना पदार्थविज्ञानाचा एक नियम, जो मी वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे, तो मला नव्याने शिकावा लागला. तोच किस्सा आज सांगणार आहे.

दोन वायरी, एक मोटर

आधी या कुलपाची रचना समजून घेऊ. ॲम्बेसिडर, पद्मिनी अशा जुन्या गाड्यांत प्रत्येक दाराची खुंटी हाताने दाबून कुलूप लावावे लागे. अमेरिकेत पॅकार्ड या कंपनीने १९५६ साली आपल्या गाड्यांना विजेवर चालणारी कुलपे दिली. आपल्याकडे ती सर्रास दिसायला पुढे बरीच वर्षे लागली. आज मात्र लहानातल्या लहान गाडीतही ती असतात.

दाराच्या आतल्या पोकळीत, पत्र्याआड, खेळण्यातल्या मोटरीसारखीच पण थोडी दणकट अशी एक मोटर असते. तिच्या दंतचक्रांमुळे एक दांडी पुढे किंवा मागे सरकते. दांडी एका दिशेने सरकली की कुलूप लागते, उलट दिशेने सरकली की उघडते. ही मोटर एकदिश प्रवाहावर चालते आणि तिच्यात कायम चुंबक असतात. कायम चुंबकाच्या मोटरीचा गुण तुम्हाला ठाऊक आहे: प्रवाहाची दिशा उलटली की तिची फिरण्याची दिशा उलटते. म्हणून मागच्या दारांच्या मोटरींना फक्त दोनच वायरी पुरतात. आपण त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणू.

आता गंमत पाहा. एरवी, म्हणजे कोणीही बटण दाबलेले नसताना, ‘क’ आणि ‘ख’ या दोन्ही वायरी गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या असतात. दोन्ही टोके शून्य व्होल्टवर, विभवांतर नाही, तेव्हा प्रवाहही नाही. बटण दाबले की एक रिले ‘क’ला १२ व्होल्टवर नेतो, ‘ख’ शून्यावरच राहते. मोटर फिरते, कुलूप लागते आणि साधारण अर्ध्या सेकंदात ‘क’ पुन्हा शून्यावर येते. उघडताना दुसरा रिले ‘ख’ला १२ व्होल्टवर नेतो आणि ‘क’ शून्यावर राहते. वायरी त्याच, नुसती अदलाबदल. चारही दारांच्या मोटरी याच दोन वायरींमध्ये समांतर जोडलेल्या असतात. (काही महागड्या गाड्यांत प्रत्येक दारात स्वतंत्र नियंत्रक असतो. त्यांचे शास्त्र थोडे वेगळे, ते येथे नको.)

दोन्ही टोके मोकळी न सोडता शून्याला का बांधून ठेवतात, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याला पडेल. मोटर फिरत असताना तिच्यात उलट विद्युतचालक बल निर्माण होते. प्रवाह थांबताच दोन्ही टोके एकमेकांना जोडली गेली, तर हे बलच मोटरीत उलट प्रवाह पाठवते आणि तिला जागीच थोपवते. म्हणजे विजेचा ब्रेकच! खेळण्यातल्या मोटरीची दोन टोके एकमेकांना जोडून आस बोटाने फिरवून पाहा, ती जड लागते ती याच कारणाने.

स्टिअरिंगमागे बसल्या बसल्या

मूलहून गडचिरोलीपर्यंत गाडी चालवताना मी मनातल्या मनात आरोपींची यादी केली: बॅटरी, फ्यूज, रिले, बटण, नियंत्रक पेटी, वायरी, मोटर, आणि कुलपाची यांत्रिक कडी. पण एवढी मोठी यादी घेऊन शोध सुरू करणे हे शहाणपणाचे नव्हे. एक पानाही हाती न घेता तिच्यातली निम्मी नावे खोडता येतात. कशी?

गावात रात्री दिवे गेले की आपण पहिल्यांदा काय करतो? दाराबाहेर येऊन शेजाऱ्याकडे पाहतो. सगळा गाव अंधारात असेल तर दोष डीपीत किंवा त्याच्याही मागे. शेजाऱ्याकडे उजेड आणि फक्त आपल्याकडे अंधार असेल तर दोष आपल्या घराकडे येणाऱ्या तारेत किंवा घरात. माझ्या गाडीत तीन कुलपे व्यवस्थित चालत होती. बॅटरी, फ्यूज, रिले, बटण हे सर्व चौघांना समाईक, तेव्हा ते सगळे निर्दोष. उरले काय? समाईक वायरीपासून मागच्या डाव्या दाराकडे फुटलेली शाखा, तिथली मोटर आणि कडी.

दुसरा धागा असा की ते कुलूप लागतही नव्हते आणि उघडतही नव्हते. ‘क’ आणि ‘ख’ या दोन्ही वायरींतून दोन्ही वेळा प्रवाह जातो. दिशा तेवढी बदलते. म्हणून यांपैकी कुठलीही एक तुटली तर दोन्ही कामे बंद पडणार. नुसते लावणे किंवा नुसते उघडणे बंद पडले असते, तर विचार निराळा करावा लागला असता. ते कोडे मी शेवटी तुमच्यासाठी राखून ठेवतो.

गडचिरोलीत पोचल्यावर दाराची खुंटी हाताने वरखाली करून पाहिली. अगदी सहज सरकली. म्हणजे यांत्रिक कडीही सुटली. उरल्या दोन गोष्टी: शाखेची वायर आणि मोटर.

आता खरे तर काम सोपे होते. दाराचे आतले आवरण काढले, मोटरीचा कपलर (दोन वायरींचा जोड) सोडवला, त्याच्या दोन टोकांना अंकीय मल्टिमीटर लावला आणि एका विद्यार्थ्याला बटण दाबत राहायला सांगितले. अर्ध्या सेकंदाचा स्पंद, आणि असला मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे पाच-सहा प्रयत्नांनंतर एकदाचा आकडा पकडता आला: १२.२ व्होल्ट. बॅटरीवरही १२.२च होते. म्हणजे वायरीतून पूर्ण दाब येतो आहे, वायर निर्दोष, दोष मोटरीत. झाले! मी नवी मोटर मागवली. दोन दिवसांनी ती आली, बसवली, बटण दाबले. फक्त एक बारीकशी ‘टिक्’. कुलूप ढिम्म.

मग, जे आधी करायला हवे होते ते केले. जुनी मोटर थेट बॅटरीला लावून पाहिली. तिने टेबलावरच असा जोराचा ‘खट्’ केला की तो विद्यार्थी दचकला. मोटर पहिल्यापासून ठणठणीत होती. नव्या मोटरीचे पैसे वाया गेले, आणि एम.एस्सी.ची पदवी असलेल्या माणसाने ते वाया घालवले, याचे मला जास्त वाईट वाटले.

बल्ब आणि मीटर

परतीच्या वाटेवर मूलला रस्त्याकडेच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे थांबलो. त्याला माझी सगळी मोजमापे सांगितली. तो ऐकून घेत होता, पण हात खोक्यात काहीतरी शोधत होता. त्याने बाहेर काढला तो गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी जोडलेला. म्हणाला, “सर, मीटर ठेवा बाजूला. बल्ब लावून पाहा लागते.”

त्याने मोटरीच्या जागी बल्ब लावला आणि मी बटण दाबले. बल्ब क्षणभर लालसर, मंद, निखाऱ्यासारखा पेटला आणि विझला. पुढच्या दाराच्या कपलरला तोच बल्ब लावला तर लख्ख पांढरा. “पाहा,” तो म्हणाला, “करंट येते, पन त्यात दम नाही.”

‘दम’ हा शब्द कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. पण त्याचे म्हणणे ओहमच्या नियमात चपखल बसते, आणि माझी चूकही त्याच नियमाने दाखवून दिली.

समजा, वायरीच्या वाटेत कुठेतरी एक खराब सांधा आहे आणि त्याचा रोध सुमारे ६ ओहम आहे. आता त्याच्या पुढे मल्टिमीटर लावला. मीटरचा स्वतःचा रोध असतो १ कोटी ओहमच्या घरात. तेव्हा प्रवाह किती वाहील? १२ भागिले १ कोटी, म्हणजे जवळजवळ एक मायक्रोअँपिअर. एवढ्याशा प्रवाहाने ६ ओहमच्या सांध्यात विभवांतर खर्च होणार ते व्होल्टचा लाखावा हिस्साही नाही! मीटर बिचारा अगदी खरे तेच सांगतो: १२.२ व्होल्ट.

आता मीटर काढून मोटर जोडा. आमच्या मोटरीचा रोध मी मोजला, तो २.५ ओहम होता. निकोप वायर असेल तर फिरायला सुरुवात करताना ती जवळपास ४.८ अँपिअर प्रवाह घेईल. पण खराब सांध्यासह एकूण रोध झाला सुमारे ८.५ ओहम, प्रवाह उरला १.४ अँपिअर. १२ व्होल्टपैकी साडेआठ सांध्यातच खर्च झाले आणि मोटरीच्या वाट्याला आले जेमतेम साडेतीन. मोटरीचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात असतो, तेव्हा जोर उरला मुळातल्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दांडी हलायला तो पुरत नाही. तीच ती ‘टिक्’.

याचा अर्थ असा की सांध्यातला दोष प्रवाह वाहू लागल्यावरच उघडा पडतो. प्रवाह नाही तर विभवांतराचा खर्च नाही, आणि खर्च नाही तर दोषही दिसत नाही. नळाचे उदाहरण घ्या. नळीत गाळ साचलेला असला तरी तोटी बंद असताना नळावरचा दाबमापक पूर्ण दाब दाखवील. तोटी उघडली की मात्र धार करंगळीएवढी. मी तोटी बंद ठेवून दाब मोजला आणि नळी साफ असल्याचा निर्वाळा दिला. मल्टिमीटर ओहमवर ठेवून वायरीचे दोन तुकडे तपासले असते तरी कदाचित संशय आला असता, पण १२.२ या आकड्याने माझे इतके समाधान झाले होते की ते सुचलेच नाही.

बल्बचे काम मात्र चोख. तो पूर्ण तेजाने पेटला की १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे वायरीकडून खरे काम करवून घेतो. आणि त्याचे तेज डोळ्यांना लगेच कळते. अर्ध्या सेकंदाचा स्पंदही चुकत नाही.

दोष आहे हे कळले. आता तो नेमका कोठे? माझा तर्क तयार होता. गाडीच्या खांबातून दारात जाताना वायरी एका रबरी नळीतून जातात आणि दार उघडता-मिटताना दर वेळी तिथे वाकतात. लोखंडी तार वाकवून वाकवून तोडता येते, तसेच तांब्याचेही होते. वायर म्हणजे बारीक तारांचा पेड. आमच्या वायरीत ०.२ मिलिमीटर व्यासाच्या १६ तारा आहेत. त्यातल्या १५ तुटून एकच शिल्लक राहिली असणार, म्हणून रोध वाढला, असे मी त्याला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. तो काही बोलला नाही. मग मीच तिथल्या बाकावर बसून गणित केले, आणि तेही माझ्या विरुद्ध गेले! ०.२ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.५५ ओहम. तुटलेला भाग फार तर २ सेंटिमीटरचा. म्हणजे उरलेल्या एकट्या तारेचा तिथला रोध ०.०११ ओहम. ४.८ अँपिअर प्रवाह गेला तरी विभवांतर खर्च होईल ०.०५ व्होल्ट. मोटरीला त्याचा पत्ताही लागणार नाही. एक तार तुटेपर्यंत कुलूप उत्तम चालेल आणि ती तुटली की एकदम बंद पडेल. ६ ओहम रोध धड शिल्लक असलेल्या तांब्यातून येऊ शकत नाही. तो येतो दोन धातू जिथे नुसते टेकलेले असतात आणि मध्ये गंजाचा थर बसलेला असतो, तिथून. तुटलेली टोके एकमेकांना चाटत असतील तर रबरी नळीतही तसे घडते. पण जास्त संशय घ्यायला हवा तो कपलरचा.

आता मीटरचे काम आले. इलेक्ट्रिशियनने आमच्या शाखेच्या दोन्ही वायरी नियंत्रक पेटीजवळच्या सांध्यातून सोडवल्या आणि त्यांना बॅटरीतून ५ अँपिअरच्या फ्यूजमार्फत सलग प्रवाह दिला. (त्या सोडवल्या नसत्या तर बाकीच्या तीन मोटरींनाही तोच प्रवाह सतत मिळून त्या तापल्या असत्या. हे त्याने न सांगता केले. मी विसरलो असतो.) दारात मोटरीच्या जागी बल्ब मंद पेटलेला राहिला. आता घाई नव्हती. बल्बच्या दोन टोकांत ५.१ व्होल्ट. एका वायरीच्या दोन टोकांत, इकडून तिकडे, ०.१ व्होल्ट, ही साफ. दुसऱ्या वायरीच्या दोन टोकांत ७.०. बेरीज करा: ५.१, ०.१ आणि ७.० मिळून १२.२. किर्खॉफचा नियम मूलच्या रस्त्याकडेला अगदी दशांशापर्यंत बरोबर आला.

मग त्या दुसऱ्या वायरीचा मध्य पकडला. गडचिरोलीच्या जंगलातून जाणाऱ्या ११ किलोव्होल्टच्या लाइनवर वादळात फांदी पडली की लाइनमन पहिल्या खांबापासून एकेक खांब पाहत निघत नाही. मधला स्विच उघडून दोष अलीकडच्या भागात की पलीकडच्या, हे आधी ठरवतो. ६४ गाळ्यांची लाइन अशी निम्मी निम्मी करत गेलो तर ६ तपासण्यांत दोष एका गाळ्यात कोंडता येतो. आमची वायर तर तीनच मीटरची. मध्यावर खांबाच्या पायथ्याशी एक कपलर होता. त्याच्या अलीकडे ०.०५ व्होल्ट, पलीकडे ०.०५, आणि कपलरच्या दोन बाजूंत ६.९ व्होल्ट! प्रवाह मोजला, तो १.१ अँपिअर. भागाकार करा: सुमारे ६.३ ओहम. शिवाय १.१ अँपिअर गुणिले ६.९ व्होल्ट म्हणजे साडेसात वॉट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत. कपलर बोटाला गरम लागत होता. कुलपाला प्रवाह अर्धाच सेकंद मिळतो म्हणून निभावले. पुढच्या मोठ्या दिव्यांच्या वायरीत असाच सांधा असता तर कपलरचे प्लॅस्टिक वितळले असते.

कपलर उघडला तेव्हा एका पिनेवर हिरवट थर दिसला. तांब्या-पितळेची भांडी न घासता ठेवली की त्यांवर चढतो, तसलाच. दाराच्या खालच्या रबरी पट्टीतून पावसाचे पाणी झिरपून पायथ्याशी साचत होते. पिना घासून, दाबून घट्ट केल्या, पट्टी बदलली. कुलूप बोलू लागले.

आता एक प्रश्न उरतो. ६ ओहम हा काही फार मोठा रोध नव्हे. मग त्याने एवढा घोळ का घातला? घरातल्या १० वॉटच्या एलईडी दिव्याच्या वायरीत हाच सांधा असता तर? २३० व्होल्टवर त्या दिव्याला प्रवाह लागतो ०.०४ अँपिअरच्या आसपास. सांध्यात पाव व्होल्ट खर्च झाले असते आणि २३० पैकी पाव व्होल्ट गेल्याचे कुणालाही कळले नसते. दुसरे टोक पाहायचे तर आमच्या चंद्रपूरपासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून आहे. तिचे दोन ध्रुव अधिक ५०० आणि उणे ५०० किलोव्होल्टवर असतात आणि १५०० मेगावॉट शक्ती वाहून नेताना प्रवाह असतो १५०० अँपिअर. त्या वाहिनीच्या एका ध्रुवात ६ ओहम आले तर ९००० व्होल्ट खर्च होतील. आकडा भयंकर खरा, पण ५ लाखांपैकी ९००० म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी! गाडीत दाब मुळातच अवघा १२ व्होल्ट आणि प्रवाह काही अँपिअर, म्हणून तिथे एक मळकी पिन निम्म्याहून अधिक दाब गिळते. गाडीच्या विजेत जुने मेकॅनिक सर्वांत आधी सांधे का घासतात, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

याशिवायही कुलपे रुसण्याची कारणे असतात. पुष्कळ मोटरींत एक खास रोधक बसवलेला असतो. तो तापला की त्याचा रोध एकदम वाढतो आणि मोटर जळण्यापासून वाचते. लहान मुलांनी दहा-बारा वेळा भराभर बटण दाबले की कुलूप ‘दमते’ आणि थोड्या वेळाने आपोआप चालू लागते, ते त्यामुळे. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचे दार आधीच तापलेले असते, तेव्हा हे लवकर घडते. तो दोष नव्हे. थोडी सावली हे त्यावरचे औषध.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात उभ्या मोटारीत शिरलेली ३ लहान मुले आत अडकून मृत्युमुखी पडली. विजेचे कुलूप चालो वा न चालो, हाताने दार उघडण्याची यांत्रिक वाट प्रत्येक गाडीत असते. पण मागच्या दारांना मुलांसाठी एक वेगळा खटका असतो आणि तो लावलेला असेल तर ते दार आतून मुळीच उघडत नाही. धाकट्या भावंडांना गाडीत खेळू देऊ नका. आणि पुढच्या आसनावर जाऊन तिथले दार कसे उघडायचे, हॉर्न कसा वाजवायचा, हे त्यांना आजच दाखवून ठेवा. बहुतेक गाड्यांत हॉर्न किल्लीशिवायही वाजतो.

आणखी एक सावधगिरी. दाराजवळच्या खांबात पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना मीटर, बल्ब, काहीच लावू नका. ते हवेच्या पिशव्यांचे किंवा आसनपट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचे असतात. चुकीच्या प्रवाहाने त्यांचा स्फोट होऊ शकतो. गाडीवरचे प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावेत.

वर्गात करायला गाडी कशाला हवी? टॉर्चचे दोन सेल, खेळण्यातली मोटर, साधा मल्टिमीटर आणि मऊ पेन्सिलीतले अख्खे शिसे एवढे जमवा. शिसे मोटरीच्या वाटेत जोडा. तो आपला गंजका सांधा. आधी मोटर सोडवून तिच्या जागी मीटर लावा: जवळपास ३ व्होल्ट दिसतील, जणू शिसे तिथे नाहीच. मग मोटर जोडून तिच्या टोकांत, शिशाच्या टोकांत आणि सेलच्या टोकांत विभवांतर मोजा. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याशी जुळते का? शिशावरची वायर सरकवून लांबी निम्मी करा आणि पुन्हा मोजा. मोटर बोटाने थांबवून धरल्यावर आकडे कसे बदलतात, तेही टिपून ठेवा. त्यातून उलट विद्युतचालक बलाबद्दल बरेच काही कळेल.

राहिले ते कोडे. एका गाडीत बटण दाबले की चारही कुलपे नीट लागतात, पण उघडायला गेले तर चारांपैकी एकही हलत नाही. फ्यूज शाबूत आहे, बॅटरी भरलेली आहे. ‘क’ आणि ‘ख’ वायरींची आकृती काढा आणि कुठले कपलर न उघडताच सोडून देता येतील ते आधी ठरवा.